प्राणवायूचा वाटेकरी

धानोरवाडीत संतरामशी भांडून जिंकलेला माणूस शोधून सापडला नसता. भांडण बांधावरून निघो, पाण्याच्या पाळीवरून निघो, नाहीतर कुणाच्या कोंबडीनं कुणाच्या अंगणात अंडं घातलं यावरून निघो, दोन वाक्यांत ते प्राणवायूवर यायचं.

"तू श्वास घेऊन राहिला का न्हाई?" संतराम विचारायचा.

याला नाही कसं म्हणणार? समोरचा मान हलवायचा.

"कुठून येऊन राहिला तो?"

समोरच्याची नजर आपसूक सडकेकडं जायची. हिंगोलीकडच्या गोरेगावहून सेनगावकडं जाणाऱ्या जीपा ज्या फाट्यावर धानोरवाडीची माणसं उतरवतात, तिथपासून बाजाराच्या मैदानापर्यंत सडकेच्या दोन्ही अंगांनी लिंब, करंज, चिंचा उभ्या होत्या. सगळी झाडं संतरामनं लावलेली. भांडण तिथंच मिटायचं, म्हणजे संतराम जिंकायचा. कोंबडीचं अंडंही तोच घेऊन जायचा.

हा माणूस जन्मापासून झाडांचा वेडा होता असं मात्र नाही. तरुणपणी त्याला नुसतं मोठं व्हायचं होतं. कशात, ते ठरलं नव्हतं. भजनी मंडळात गेला, पण त्याचा आवाज वर चढला की मृदंगवाला हात थांबवून त्याच्याकडं बघत राहायचा. ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि पडला. घरातलं मत तरी आपल्याला बराबर पडलं का, हा संशय त्याला बरीच वर्षं होता. बायको शालूबाई त्यावर कधीच काही बोलली नाही, त्यामुळं संशय वाढत गेला.

मग एका जून महिन्यात सरकारी रोपांचा टेम्पो फाट्यावर बंद पडला. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, एवढी रोपं सावलीत उतरवून घ्या, उद्या न्यायला येतो." त्याचा उद्या काही उगवला नाही. रोपं माना टाकायला लागली तशी शालूबाई म्हणाली, "अवो, जीव हाये त्याइच्यात. कुठं तरी खुपसा तरी." संतरामनं ती सडकेच्या कडेला खुपसली आणि विसरून गेला. पाणी शालूबाईनं घातलं. पुढं रोपं डोक्याएवढी झाली तेव्हा कुणी मोठे साहेब त्या रस्त्यानं चालले होते, त्यांनी गाडी थांबवून विचारलं, "ही कुणी लावली?" संतराम जवळच बसला होता. आठवड्याभरात त्याला तालुक्याला बोलावून अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मे महिना होता. पण ज्याला उभ्या आयुष्यात कुणी मानानं चहासुद्धा पुढं केला नव्हता, त्याला शालीची ऊब काय असते ते त्या उन्हात कळलं.

त्या कचेरीच्या भिंतीवर रंगवलं होतं, 'एक झाड, एका माणसाचा श्वास.' ही ओळ संतरामनं जशीच्या तशी घरी आणली. पुढची झाडं त्यानं मनापासून लावली, आणि लावता लावता गावाला वाटूनही टाकली. ही करंज सरपंचाची, तो लिंब पोस्टमनचा. तांड्यावरच्या म्हाताऱ्या पेमाच्या वाट्याला आलेली चिंच वाळून गेली, तेव्हा संतराम मुद्दाम जाऊन त्याच्याजवळ डोळे भरून बसून आला. पेमा त्यानंतर कितीतरी वर्षं जगला, तेही बिड्या ओढत. संतरामला ते शेवटपर्यंत खटकलं.

गावात एकच माणूस त्याला भीत नव्हता, तो म्हणजे खाजा मिया. खाजा मिया सुतार. फाट्यावर त्याची लाकडाची वखार होती, आणि लहानपणी दोघं एकाच म्हशीच्या पाठीवर बसून पोहायला शिकले होते. रोज संध्याकाळी संतराम वखारीत चहाला यायचा, चहा प्यायचा, आणि वर म्हणायचा, "खाजा, तू लोकाइच्या श्वासाला रंधा मारून राहिला."

"आन तुझ्या घरचा दरवाजा?" खाजा मिया रंधा न थांबवता विचारायचा. "तो बी श्वासच हाये ना? उघडाच ठेवत जा मग."

या खाजा मियाची मुलगी कहकशा हिंगोलीला शिकली, पुढं नांदेडला शिकली आणि कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत कामाला लागली. ती काय करते, हे गावानं खाजा मियाला विचारलं होतं.

"समुद्राच्या पाण्यात बघती," तो म्हणाला.

"काय बघती?"

"जे दिसत न्हाई ते."

यापुढं कुणी विचारलं नाही. पगार मिळतो एवढं कळलं होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत कहकशा चुलत बहिणीच्या लग्नाला गावी आली होती. शाळेत विज्ञान दिन होता. प्रमुख पाहुणा संतराम, कारण प्रमुख पाहुणा नेहमी संतरामच असायचा. त्याला जीपचं भाडं द्यावं लागत नसे. हेडमास्तरांनी कहकशालाही म्हटलं, "आलीच आहेस तर दोन शब्द बोल."

आधी संतराम बोलला. भाषण नेहमीचंच. त्यानं सगळ्या लेकरांना नाक आणि तोंड दाबून धरायला लावलं. पोरं लालबुंद झाली, एक-दोघांचे डोळे बाहेर आले, तसा तो गरजला, "सोडा! आता सांगा, कुणी वाचवलं?"

"झाडांनी!" शाळा ओरडली.

"आन झाडं कुणी लावली?"

उत्तर पोरांना पाठ होतं. टाळ्या झाल्या. शाल झाली. नारळ झाला.

मग कहकशा उभी राहिली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिनं संतरामकाकांनी लावलेल्या चिंचेवर दगड मारूनच लहानपण काढलं होतं. ती म्हणाली, "काकांनी सांगितलं ते खरं आहे. पण अर्धं."

संतरामनं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे," कहकशा सांगू लागली. "काही शास्त्रज्ञ जहाजावर बसून भर समुद्रात गेले होते. त्यांच्याजवळ एक यंत्र होतं. समुद्राचं पाणी केसासारख्या बारीक धारेतून सोडायचं आणि त्यावर निळ्या प्रकाशाचा झोत मारायचा. पाण्यातून हिरवं काही गेलं की ते लाल चमकतं आणि पडद्यावर ठिपका उमटतो. तर त्यांना पडद्याच्या कोपऱ्यात अगदी फिके ठिपके दिसायला लागले. इतके फिके, की त्यांना वाटलं यंत्रच कुरकुरतंय. जुन्या रेडिओत खरखर येते ना, तसं. सोडून दिलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण पाणी जसजसं खोलातून आणलं, तसतसे ते ठिपके बदलत गेले, जास्त चमकायला लागले. आता यंत्राच्या खरखरीला पाणी किती खोलातलं आहे हे कसं कळणार? म्हणून ते मागं लागले. निघाला एक जिवाणू. उन्हावर स्वतःचं अन्न शिजवणारा, झाडासारखाच. आपल्या केसाच्या जाडीवर शंभरएक ओळीनं बसतील एवढा बारीक. चमचाभर पाण्यात लाखो. पृथ्वीवर हिरव्या जिवांत एवढी संख्या दुसऱ्या कुणाचीच नाही, आणि तोपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. त्याचं नाव प्रोक्लोरोकॉकस. पृथ्वीवर हवा देण्याचं जे काम चालतं ना, त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रातच होतं. असल्या बारक्यांकडून."

मग सातवीतली सिमरन उभी राहिली. "मॅडम, मग आमी मघाशी नाक दाबलं, तवा निम्मं समुद्रानं वाचवलं का?"

कहकशानं जरा विचार केला. "तसं म्हणता येईल."

आधी पोरं हसली, मग मास्तर हसले, मग हेडमास्तरांनी हसू आवरायला रुमाल काढला. संतराम शाल पांघरून बसून राहिला.

शाळेतली गोष्ट पोरांबरोबर घरोघर गेली. दुसऱ्याच दिवशी संतरामचं शेजाऱ्याशी बकरीवरून वाजलं. त्यानं सवयीनं विचारलं, "श्वास कुठून येऊन राहिला तुझा?"

"समुद्रातून," शेजारी म्हणाला आणि बकरी घेऊन गेला.

आता रीतीनं बघता निम्मं गाव झाडांच्या वाट्याला आणि निम्मं समुद्राच्या वाट्याला निघायला हवं होतं. पण ज्याला विचारावं तो समुद्राच्या निम्म्यात. झाडाच्या निम्म्यात कुणी उरलंच नाही. ज्यांनी जन्मात नदीपलीकडं पाय टाकला नव्हता, ते छाती फुगवून सांगायला लागले, आमचं समुद्राचं हाये.

एवढ्यावर थांबलं असतं तरी संतरामनं गिळलं असतं. पण सरपंचाच्या मनात फार दिवसांपासून बाजाराच्या मैदानाला लागून दुकानांचे गाळे काढायचे होते आणि झाडं आडवी येत होती. मागं एकदा विषय निघाला तेव्हा संतरामनं सरपंचाला त्याची करंज दाखवून गप्प केलं होतं. आता सरपंचानं संतरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार प्रेमानं म्हणाला, "संतरामभाऊ, विज्ञान लई पुढं गेलं आता." तोडायची परवानगी मागायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत ठेवायचं ठरलं.

संतराम तडक खाजा मियाच्या घरी गेला. कहकशा परतीची बॅग भरत होती.

"बेटा, हे मागं घे," तो म्हणाला.

"काय, काका?"

"ते समुद्राचं. शाळेत जाऊन सांग, चुकून बोलले म्हनून. लेकरं हायेत, ऐकतील."

"काका, ते मागं घ्यायला माझ्या हातात कुठं आहे?" कहकशाला त्याच्याकडं बघवेना. "मी काय ते समुद्रात सोडलेत?"

"तू पाह्यले का डोळ्यानं?"

"रोज बघते. तुम्ही या एकदा तिकडं. दाखवते."

कहकशाला वाटलं, म्हातारा माणूस, कुठं येतोय. पण संतरामच्या डोक्यात वेगळंच शिजलं होतं. जो आपल्या श्वासात वाटेकरी झाला, त्याला एकदा समोरासमोर बघायचं. आणि बघताना कुठं तरी त्याची खोट सापडणारच. आजवर प्रत्येकाची सापडली होती.

महिन्याभरानं दोघं मित्र वारंगा फाट्यावरून ट्रॅव्हल्समध्ये बसले. खाजा मियाला लेकीला भेटायचं होतं, संतरामला जिवाणूला. शालूबाईनं दोघांपुरत्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि बसपर्यंत सोडायला आली.

"झाडाइच्या पाण्याचं पाहाजो," संतराम खिडकीतून म्हणाला. बस गेल्यावर तिथं उभी असलेली बाई तिला म्हणाली, "लई काळजी हाये वो त्याइले झाडाइची." शालूबाई म्हणाली, "व्हय ना."

समुद्र दोघांनीही आधी पाहिला नव्हता. किनाऱ्यावर उभं राहून खाजा मियानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. संतरामनं डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग म्हणाला, "एवढं पाणी, आन एक झाड न्हाई."

"काका, तुम्हाला बघायचेत ते इथं नाहीत," कहकशा म्हणाली. "इथलं पाणी गढूळ. ते दूर आत, निळ्या स्वच्छ पाण्यात राहतात. जहाजानं जावं लागतं."

"म्हंजे इथं येऊन बी दिसत न्हाई?"

"चला, दाखवते म्हटलं ना."

प्रयोगशाळेच्या दारात दोघांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण आत एवढी थंडगार शांतता होती की आपोआप हात चपलांकडं गेले. यंत्र पाहून खाजा मियाची निराशा झाली. ते पिठाच्या कोठीपेक्षा मोठं नव्हतं. मागच्या सफरीत गोठवून आणलेल्या पाण्याची बारकी नळी कहकशानं त्याला लावली. पडद्यावर काहीच नव्हतं. मग एक ठिपका आला, मग चार, आणि बघता बघता कोपऱ्यात ठिपक्यांचा दाट ढग जमला, ज्वारीवर पाखरं उतरावीत तसा.

"एकेक ठिपका म्हणजे एकेक जीव," कहकशा म्हणाली.

संतराम पडद्याच्या इतक्या जवळ गेला की त्याच्या श्वासानं काच धुरकटली. "हे?"

"हेच."

"हे लावले कुणी?"

"कुणी नाही, काका. आपोआप आहेत. माणूस नव्हता तेव्हापासून."

"पानी? खत?"

"काही नाही."

"कुणी सत्कार बित्कार?"

कहकशाला हसू आलं, पण संतराम गंभीर होता. म्हणून तीही गंभीरपणे म्हणाली, "नाही काका. त्यांना शाल घालायची तर कुठं घालणार?"

संतराम खुर्चीवर बसला. मग त्याच्यातला भांडणारा जागा झाला आणि त्यानं एकदम वकिली प्रश्न टाकला. "बेटा, एक सांग. हे जी हवा देतात, ती तिकडून आपल्या हिंगोली जिल्ह्यात येती का? का तिथल्या तिथंच संपती?"

कहकशा खोटं बोलणारी नव्हती. "बहुतेक तिथंच संपते. समुद्रातले मासे आहेत, इतर जीव आहेत, तेच वापरून टाकतात."

"पाहा!" संतराम उठलाच. "पाह्यलं का, खाजा? मी म्हनलो होतो! त्याइचं त्याइलाच पुरत न्हाई!"

"पण काका," कहकशा म्हणाली, "झाडांचंही तसंच असतं. झाड दिवसा देतं, पण स्वतःही श्वास घेतं. पानं गळतात, कुजतात, त्यात परत जातं. शेवटी हातात फारसं उरत नाही. आपण आज जी हवा घेतो ना, ती कोट्यवधी वर्षांत थोडी थोडी साठलेली आहे. ना ह्यांची आत्ताची, ना तुमच्या झाडांची."

मग खाजा मिया हसायला लागला. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. "म्हंजे बापजाद्याची इस्टेट!" तो डोळे पुसत म्हणाला. "आमी सगळे आयत्या बिळावर नागोबा! अरे संतराम, एवढी वर्षं तू लोकाइच्या बापाचा माल लोकाइलाच दान करून राहिला!"

संतराम हसला नाही. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. घाट चढून सपाटी लागली, बाहेर वाळलेली रानं दिसायला लागली, तेव्हा म्हणाला, "मग मी काय केलं रे एवढी वर्षं?"

खाजा मिया पेंगत होता. "झाडं लावली की."

"त्यानं काय झालं?"

"झाडं झाली. दिसून राहिली ना? आजून काय पाह्यजे तुले?" मग जरा थांबून म्हणाला, "आन खरं बोलायचं तर लावली तू. केली शालूबाईनं. आता झोपू दे यार."

ग्रामसभेला कधी नव्हे एवढी गर्दी जमली. संतराम समुद्रावर जाऊन आला आणि आता काहीतरी जबरी बोलणार, अशी हवा होती. सरपंचानं तयारी ठेवली होती. सिमरनच्या वडिलांना पुढं बसवलं होतं, म्हणजे वेळ पडली तर समुद्राचा विषय काढायला माणूस हवा. ठराव वाचून झाला. संतराम उभा राहिला.

"श्वासाचं मी मागं घेतो," तो म्हणाला.

सिमरनच्या वडिलांनी सरपंचाकडं बघितलं.

"मी जाऊन इचारून आलो. श्वास कुणाचाच न्हाई. माह्या झाडाचा बी न्हाई." तो पुढं काही बोलणार म्हणून सगळे थांबले. त्यानं दोनदा तोंड उघडलं. आजवर याच्या पुढं त्याला कधी बोलावंच लागलं नव्हतं. शेवटी तो खाली बसला.

सरपंच इतका गोंधळला, की ठराव मंजूर म्हणायचंच विसरला. त्या फटीत मागून एक बाई उठली. ती जिवनबाई, शेजारच्या गावची. मंगळवारच्या बाजारात भाजीपाला घेऊन बसायची.

"श्वासाचं मले ठावं न्हाई," ती म्हणाली. "पन लिंबाखाली बसलं तर माही कोथमीर दुपारपर्यंत हिरवी राहाती. उन्हात बसलं तर धा वाजता तिचा चारा होतो. गाळ्यात मले कोन बसू देनार हाये? झाडं तोडत असाल तर तोडा बापा, आमी गोरेगावच्या बाजारात जातो."

"बाई, तू या गावची न्हाईस," सरपंच म्हणाला.

"न्हाईच. म्हनून तर जाऊ शकते."

तिच्यामागून वांगीवाली उठली, मग चप्पल शिवणारा, मग बांगड्यांची गाडी लावणारा. बाजारच उठून गेला तर गाळ्यांत माशा मारायच्या, हे सरपंचाला गणित न करताही कळलं. बरीच बाचाबाची होऊन शेवटी मधला मार्ग निघाला, म्हणजे कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही. मैदानाकडची झाडं ठेवायची, फाट्याकडची तोडायची, तिकडं गाळे काढायचे. परवानगी आली. फाट्याकडच्या झाडांत सरपंचाची करंजही होती. तो तिच्याकडं एकदा बघून गाडीत बसला.

लाकूड खाजा मियाच्या वखारीत आलं. दुसरीकडं जाणार तरी कुठं? गाळ्यांच्या दारांच्या चौकटी करायचं कामही त्यालाच मिळालं. त्या संध्याकाळी संतराम चहाला आला आणि एका ओंडक्यावर बसला. रंध्याबद्दल तो बोलला नाही, दरवाज्याबद्दल खाजा मियाही बोलला नाही. चहा निवत चालला तेव्हा दारात शालूबाई दिसली. ती वखारीत कधी पाऊल टाकत नसे. आत आली, ओंडक्यांमधून फिरली, आणि एका बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली.

"याले लई पानी लागाचं," ती म्हणाली. "चार घागरी टाका तरी मातीत गडप. याच्या बाजूचा तो लिंब मात्र गुनाचा, लोटाभर टाकलं तरी खुश." मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि घरी गेली.

संतराम तिच्या मागं बघत राहिला. एवढ्या भाषणांत, एवढ्या शाळांत, कोणत्या झाडाला किती पाणी लागतं हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते माहीतच नव्हतं.

इथं खरं तर संतरामचं सार्वजनिक आयुष्य संपायला हवं होतं. पण पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा विज्ञान दिन आला. हेडमास्तरांना कहकशा हवी होती. ती जहाजावर गेली होती. मग पंचक्रोशीत तो जिवाणू प्रत्यक्ष पाहिलेला माणूस कोण? बोलावणं संतरामला आलं. तो आधी नको म्हणाला. मग दुसऱ्यांदा म्हटल्यावर धोतर बदलून निघाला.

आता तो नवं भाषण करतो. त्यात जहाज असतं, लाल ठिपके असतात, यंत्राची खरखर असते, आणि "मी माह्या डोळ्यानं पाह्यला" हे वाक्य जागोजाग असतं. जिवाणूचं नाव त्याच्या जिभेवर काही बसलं नाही. तो त्याला 'प्रोकुलकर्णी' म्हणतो. पोरांची बरेच दिवस समजूत होती, की हे कुणी पुण्याकडचे सर आहेत. त्या बिचाऱ्या जिवाणूला अख्ख्या समुद्रात एक शाल मिळाली नाही, पण त्याच्या नावावर संतरामला मात्र चालू झाल्या, गोरेगावला, सेनगावला, पार औंढ्याच्या शाळेपर्यंत. शाली तो घरी नेऊन शालूबाईला देतो. तिनं त्यातल्या दोन जोडून गोधडी शिवली. आणि सकाळी एक घागर तो स्वतः उचलतो. एकच, पण उचलतो, आणि वाटेत कुणी भेटलं तर ती खाली ठेवून भेटतो, म्हणजे दिसावी.

औंढ्याच्या शाळेत भाषण संपल्यावर कोमल नावाची एक मुलगी उभी राहिली. "आजोबा, प्रोकुलकर्णीला कुणी खातं का?"

हे संतरामनं कहकशाला विचारलंच नव्हतं. पूर्वीचा संतराम असता तर म्हणाला असता, खातात, मासे खातात, बस खाली. त्यानं माईक तोंडाजवळ नेला, परत लांब धरला.

"मले ठावं न्हाई, बाई," तो म्हणाला. "इचारून सांगतो."

मुख्याध्यापकांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या शाळेनं वाजवल्या. संतराम चिडला. "अरे, टाळ्या काहून वाजवून राहिले? मले येत न्हाई म्हनलो मी!" टाळ्या आणखी वाढल्या.

कहकशाचं जहाज किनाऱ्याला लागायला एप्रिल सरला. तिनं फोनवर सांगितलं, की हो, खातात. पाण्यात एका पेशीचे बारीक जीव असतात, ते खातात, त्यांना त्याहून मोठे खातात, आणि या जिवाणूला रोगही होतो, त्याच्याहून कितीतरी बारीक विषाणूंचा. संतरामनं ते दोनदा वदवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, कुणी बोलावलेलं नसताना, पदरच्या भाड्यानं जीपा बदलत औंढ्याला गेला. तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. फाटकाला कुलूप.

त्यानं कुलूप एकदा ओढून बघितलं. उन्हाचा कडाका होता. समोर रसवंती होती, तिथं जाऊन बसला. रसवाला गिऱ्हाईक नसल्यानं मोकळाच होता. संतरामनं त्याला विचारलं, "कोमल नावाची पोरगी ओळखता का, सातवी-आठवीतली?" तो म्हणाला, न्हाई. मग संतरामनं ते उत्तर त्यालाच सांगितलं, सगळं, बारीक जीव, त्याहून मोठे, त्याहून बारीक रोग, आणि कोमल आली तर सांगा म्हणाला.

"आसं का?" रसवाला म्हणाला, आणि त्याच्या ग्लासात अर्धा ग्लास वरून ओतला.

संतरामनं रस संपवला, तोंड पुसलं आणि परतीच्या जीपची वाट बघत उन्हात उभा राहिला. तिथं सडकेला झाड नव्हतं.